बुटाचं डिझाइन कोण करतं? ड्वेन एडवर्ड्स आणि कृष्णवर्णीय डिझायनरांची शाळा

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत सत्ताबदल झाला आणि पाठोपाठ एक शब्द आपल्या वर्तमानपत्रांतही वारंवार दिसू लागला: डीईआय. सरकारी खात्यांतले डीईआय विभाग बंद, अमक्या कंपनीने डीईआयची उद्दिष्टं गुंडाळली, तमक्या विद्यापीठाने पाटी उतरवली. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला विचारलं, हे नेमकं आहे तरी काय, आणि त्यावरून एवढी भांडणं कशासाठी?

डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लूजन या तीन शब्दांची ही आद्याक्षरं. ज्या समाजांना नोकरी-शिक्षणाचं दार पिढ्यान् पिढ्या बंद राहिलं, त्यांच्यासाठी ते उघडायचे सरकारचे आणि कंपन्यांचे प्रयत्न, एवढाच त्याचा अर्थ. आता हा शब्द बाजूला ठेवते, कारण अशा मोठ्या शब्दांवर वाद घालता येतो, पण त्यांतून समजत काही नाही. त्याऐवजी एकच धंदा घेऊ, खेळाच्या बुटांचा. आणि त्यातला एक माणूस घेऊ, ड्वेन एडवर्ड्स. त्यांनी एअर जॉर्डनसारखे बूट डिझाइन केले, आणि ऐन भरात असताना नोकरी सोडून आपल्यासारख्या मुलांसाठी शाळा काढली.

एक बूट उसवून बघू

लेख लिहायला घेतला तेव्हा घरात पळायचा एक जुना बूट पडून होता, टाचेकडून पार झिजलेला. तो घेऊन मी आमच्या नाक्यावर चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. म्हटलं, दुरुस्त करू नका, उसवून दाखवा. त्यांनी आधी माझ्याकडे नीट बघितलं, मग रापी उचलली.

सगळ्यात खाली रबराचा थर निघाला. जमिनीला घासतो तो हाच. त्याच्यावर फोमचा जाड थर, ज्याला मिडसोल म्हणतात. काकांनी तो बोटांकडे अंगठ्याने दाबला तर दबला आणि सावकाश वर आला. टाचेकडे दाबला तर हललाच नाही. "इथं मेलाय," ते म्हणाले. त्याच्यावर पाय झाकणारं जाळीचं कापड. आणि मग त्यांनी मला ती जागा दाखवली, जी आपण कधी बघत नाही: कापडाची कड चहूबाजूंनी खाली दुमडून तळाला चिकटवलेली असते, आणि बोटांपाशी, जिथे बूट गोल वळतो, तिथे तिला बारीक बारीक चुण्या घातलेल्या असतात. "सगळी कारागिरी इथं असते. इथं एक चूण उभी राहिली की गिऱ्हाइकाच्या करंगळीला फोड आलाच."

ही कड ओढून बसवायची तर आत पायाच्या आकाराचा ठोकळा लागतो. आपल्याकडच्या कारागिरांत त्याला फर्मा म्हणतात. हा फर्मा आणि ही चुण्यांची जागा लक्षात राहू द्या. शेवटी मला तिथेच यायचं आहे.

यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवलेली असते. फोम किती जाड, टाच किती उंच, जाळी कुठे घट्ट आणि कुठे सैल, घोट्याला आधार किती, रंग कुठला. हे ठरवणारा म्हणजे डिझायनर. तो आधी चित्र काढतो, मग मापांसकट तपशीलवार आराखडा कारखान्याला पाठवतो, नमुने येतात, खेळाडू ते घालून बघतात, पुन्हा बदल होतात. एक बूट दुकानात यायला साधारण वर्ष-दीड वर्ष सहज जातं. हे मानाचं आणि चांगल्या पगाराचं काम आहे, आणि तरी शाळेत "मोठेपणी कोण होणार" या यादीत ते कधीच नसतं. आपल्याकडेही नसतं.

पायात कोणाच्या, टेबलाशी कोण

अमेरिकेत खेळाच्या बुटाला आज जी किंमत आहे, ती कृष्णवर्णीय खेळाडूंनी, गायकांनी आणि गल्लीतल्या पोरांनी मिळवून दिली, असं मी अगदी ठामपणे म्हणते. १९८५ मध्ये बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाचा पहिला बूट, एअर जॉर्डन, बाजारात आला आणि तो काढणारी नायकी ही कंपनी कुठल्या कुठे पोचली. १९८६ च्या उन्हाळ्यात रन-डीएमसी हा न्यूयॉर्कचा रॅप गायकांचा गट मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गात होता. त्यांनी प्रेक्षकांना पायातला ॲडिडासचा बूट काढून वर धरायला सांगितलं. हजारो हात बूट घेऊन वर गेले. कंपनीचा माणूस ते बघत होता. त्यानंतर ॲडिडासने या गटाशी करार केला. खेळाडू नसलेल्यांशी बूट कंपनीने केलेल्या पहिल्या मोठ्या करारांतला तो एक.

म्हणजे बूट घालणारे, मिरवणारे, त्याची हवा करणारे कृष्णवर्णीय. पण पोर्टलंड किंवा बॉस्टनच्या कचेरीत पेन्सिल घेऊन टेबलाशी बसलेला माणूस? तो जवळजवळ नेहमी गोरा. नायकीत विल्सन स्मिथ हे पहिले कृष्णवर्णीय डिझायनर. ते मूळचे वास्तुरचनाकार, ऐंशीच्या दशकात कंपनीत आले, पुढे आंद्रे अगासीसाठी आणि एअर जॉर्डनच्या मालिकेतही त्यांनी बूट केले. पण ते एकटे होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या डिझायनरांच्या एका मोठ्या संघटनेने पाहणी केली तेव्हाही सगळ्या प्रकारच्या डिझायनरांत कृष्णवर्णीय जेमतेम ३ टक्के निघाले. देशाच्या लोकसंख्येत ते सुमारे १३ टक्के आहेत.

सूचनापेटीतली कार्डं

ड्वेन एडवर्ड्स लॉस एंजेलिसला लागून असलेल्या इंगलवूडचे. सहा भावंडांत धाकटे. बास्केटबॉलचा प्रसिद्ध लेकर्स संघ त्या काळी याच गावात खेळायचा, त्यामुळे बूट हा गल्लीतल्या गप्पांचा रोजचा विषय. ड्वेन साध्या शिसपेन्सिलीने बुटांची चित्रं काढत. खेळाडूचा चेहरा, हात, जर्सी काढता काढता एक दिवस ते पायांपर्यंत पोचले आणि तिथेच रमले. वय अकराच्या आसपास.

शाळेत करिअरचा सल्ला देणाऱ्या बाईंना त्यांनी सांगितलं की मला बुटांचा डिझायनर व्हायचंय. उत्तर मिळालं की इंगलवूडचा कुठलाही काळा मुलगा बुटांचा डिझायनर होणार नाही, तू सैन्यात जा. हा प्रसंग एडवर्ड्स आजही सांगतात. त्या बाई दुष्ट होत्या असं मला वाटत नाही. त्यांनी असा डिझायनर पाहिलाच नव्हता, आणि न पाहिलेल्या गोष्टीला त्यांनी अशक्य म्हटलं. सतराव्या वर्षी ड्वेन रीबॉकच्या एका डिझाइन स्पर्धेत जिंकले. कंपनीचं म्हणणं, शाळकरी मुलाला नोकरी कशी देणार, कॉलेज करून ये. पण कॉलेजला पैसे कुठून आणायचे?

१९८९ मध्ये ते एल.ए. गियर या कंपनीत तात्पुरते कारकून म्हणून लागले. काम काय, तर फायली लावायच्या. त्या काळी ही कंपनी नायकी आणि रीबॉकच्या खालोखाल होती. कचेरीत लाकडी सूचनापेट्या लावलेल्या होत्या. कंपनी सुधारण्यासाठी सुचेल ते कार्डावर लिहून टाका, असं कर्मचाऱ्यांना सांगितलेलं. बाकीचे काय लिहीत असतील याचा अंदाज आपण सगळे करू शकतो: चहा बरा द्या, पंखा नीट करा. १९ वर्षांचे एडवर्ड्स रोज सकाळी एका कार्डावर एका बुटाचं चित्र काढून पेटीत टाकत आणि सोबत सूचना लिहीत की मला डिझायनर म्हणून घ्या.

एक-दोन आठवडे कोणीही टाकेल. एडवर्ड्सनी सहा महिने टाकली. रोज एक कार्ड, रोज नवा बूट, हिशेब केला तर शंभराच्या वर. कुणी बघतंय की नाही हेही माहीत नसताना. शेवटी कंपनीचे मालक रॉबर्ट ग्रीनबर्ग यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि डिझायनरची नोकरी दिली.

पुढची वाट सरळ. ग्रीनबर्ग यांनी १९९२ मध्ये स्केचर्स काढली, एडवर्ड्सही तिथे गेले. नंतर नायकी, आणि नायकीच्या आत जॉर्डन ब्रँडमध्ये डिझाइन विभागाचे प्रमुख. बास्केटबॉलच्या कार्मेलो अँथनीसाठी बूट, बेसबॉलच्या डेरेक जीटरसाठी बूट. २००६ चा एअर जॉर्डन क्रमांक २१ त्यांचा. तो बेंटली मोटारीच्या डौलावरून सुचलेला. २००७ चा क्रमांक २२ पण त्यांचाच, एफ-२२ या लढाऊ विमानावरून सुचलेला. या मालिकेचा मुख्य बूट करायला मिळालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

एसटी थांबतच नाही

ही गोष्ट ऐकून बरेच जण म्हणतील, बघा, जिद्द असली की होतं. मला या गोष्टीतून नेमकं उलटं दिसतं. एका देशाचा एवढा मोठा धंदा, आणि त्यातला पुढे नामांकित होणारा डिझायनर एका लाकडी पेटीच्या फटीतून आत येतो. पेटी नसती तर? मालकाने ती कार्डं बघितलीच नसती तर? सहा महिन्यांत तात्पुरती नोकरी संपली असती तर?

एक उदाहरण घ्या. रस्त्याला लागून गाव आहे, रोज एसटी जाते, पण थांबा नाही. आगारात नोंद काय होणार? "या गावातून प्रवासी नाहीत." मग प्रवासी नाहीत म्हणून थांबा नाही, आणि थांबा नाही म्हणून प्रवासी नाहीत. गावातला एखादा धट्टाकट्टा पोरगा धावत जाऊन चालत्या गाडीला लोंबकळतो आणि तालुक्याला पोचतो. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्याच्याकडे बोट दाखवून "थांब्याची गरजच काय" म्हणणं हा गावावर अन्याय आहे.

कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत थांबा कुठे कुठे नव्हता? असं काम असतं हेच माहीत नाही. माहीत झालं तर डिझाइनचं शिक्षण महाग, आणि खास बुटांचं शिक्षण त्या काळी जवळपास नव्हतंच. शिकलं तरी उमेदवारीच्या काळात बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगारावर दूरच्या शहरात राहायचं, तर घरून पैसे हवेत. आणि शेवटचं, ओळख. बुटांचा धंदा लहान आहे, माणसं एकमेकांना ओळखतात, जागा निघाली की ओळखीतल्याच नावांची चर्चा होते. यात कुणी उघडपणे "काळ्यांना घेऊ नका" म्हणायची गरजच पडत नाही. दार न लावताही बंद राहतं.

पेन्सिल आणि सोल

२०१० मध्ये, जॉर्डन ब्रँडमध्ये असतानाच, एडवर्ड्सनी ओरेगनमध्ये स्वतःच्या खिशातून पैसे घालून मुलांसाठी एक वर्ग घेतला. नाव ठेवलं पेन्सोल: पेन्सिल अधिक सोल, म्हणजे बुटाचा तळ. दुसऱ्या वर्षी त्यांनी नोकरीच सोडली. बूट डिझाइन करणाऱ्याला याहून वरची खुर्ची नसते, ती सोडून ते शिक्षक झाले.

पेन्सोलची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण ती एका डिझायनरने केलेली आहे. वर सांगितलेली एकेक अडचण त्यांनी बुटातल्या दोषासारखी हातात घेतली. फी परवडत नाही? मग मुलांकडून फी नको, ज्या कंपन्यांना पुढे हीच मुलं हवी आहेत त्यांनी खर्च द्यावा. ओळख नाही? मग त्या कंपन्यांचे डिझायनरच वर्गात येऊन शिकवतील आणि मुलाचं काम डोळ्यांनी बघतील. महाविद्यालयाची पदवी नाही? चालेल, चित्रं दाखव. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम, दिवसाचे चौदा चौदा तास, आणि सुरुवातीला संगणक बंद. नुसती पेन्सिल. कारण संगणकावर वाईट बूटसुद्धा देखणा दिसतो, असं मला तरी वाटतं. कागदावर मात्र विचार केला नसेल तर लगेच उघडं पडतं.

पेन्सोल फक्त कृष्णवर्णीयांसाठी नव्हती. जगभरातून, सगळ्या वर्णांची मुलं आली. पण दार खुलं झाल्यावर आत कोण येतं ते बदलतंच. तिथून निघालेले शेकडो जण नायकी, ॲडिडास आणि इतर कंपन्यांत कामाला लागले. एकमेकांना ओळखणारी, जागा निघाली की एकमेकांना कळवणारी माणसं तयार झाली. ओळखीचं जे जाळं आधी काहींचंच होतं, तसंच दुसरं जाळं विणलं गेलं. समाज बांधणं ज्याला म्हणतात ते इथे इतकं साधं होतं.

"बुटाला कसला आलाय रंग?"

हा आक्षेप प्रामाणिक आहे. चांगला बूट तो चांगला, करणारा काळा असो की गोरा.

याला मला पोहण्याच्या टोपीचं उदाहरण द्यावंसं वाटतं. स्पर्धेतली टोपी डोक्याला घट्ट बसणारी असते. दाट कुरळे, वेणीचे किंवा जटांसारखे केस असतील तर ती बसतच नाही. सोल कॅप या ब्रिटिश कंपनीने अशा केसांसाठी मोठी टोपी केली. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर जलतरणाच्या जागतिक संघटनेने ती नाकारली. डोक्याच्या नैसर्गिक आकाराला ती धरून नाही, हे कारण. नैसर्गिक आकार कोणाच्या डोक्याचा? जगभर गदारोळ झाला, फेरविचार झाला, आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्याच टोपीला मान्यता मिळाली. नियम करणाऱ्यांत द्वेष होता असं मानायची गरज नाही. तिथे असे केस असलेला माणूस बसलेला असता तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता.

आता धंद्याच्या बाजूने बघा. ब्रँडिस डॅनियल यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हार्लेम्स फॅशन रो ही संस्था काढली, कृष्णवर्णीय फॅशन डिझायनरांना व्यासपीठ आणि बाजार मिळावा म्हणून. २०१८ मध्ये बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या नावाचा, खास स्त्रियांसाठीचा बूट करायचा होता, तेव्हा नायकीने या संस्थेतल्या तिघींना बोलावलं: किंबर्ली गोल्डसन, फेलिशा नोएल आणि उंड्रा डंकन. तिघीही कपड्यांच्या डिझायनर, बूट कधी केलेला नव्हता. कृष्णवर्णीय स्त्रियांचं सामर्थ्य हा विषय घेऊन त्यांनी तो केला, आणि विक्रीला आल्यावर काही मिनिटांत तो संपला. त्या गिऱ्हाइकांना इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून ते कंपनीच्या हिशेबात नव्हते.

"मग वेगळं कॉलेज कशाला?"

एडवर्ड्स पुढे डेट्रॉइटला गेले, आणि तिथली गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडते.

अमेरिकेत शंभरच्या आसपास अशी महाविद्यालयं आणि विद्यापीठं आहेत, जी वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघाली. त्यांना एचबीसीयू म्हणतात. कायद्यातली अट अशी की संस्था १९६४ च्या आधी स्थापन झालेली हवी. म्हणजे आज कितीही पैसा ओतला तरी नवी एचबीसीयू काढता येत नाही.

व्हायोलेट लुइस या बाईंनी १९२८ मध्ये इंडियानापोलिसला असं एक कॉलेज काढलं. टंकलेखन, हिशेब, कचेरीचं काम शिकवायचं. कारण गोऱ्यांच्या संस्था कृष्णवर्णीय मुलींना घेत नव्हत्या, आणि शिकलेल्या नाहीत म्हणून कचेऱ्या घेत नव्हत्या. १९३९ मध्ये डेट्रॉइटला शाखा निघाली. मोटारींच्या त्या शहरात या मुली बड्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत लागल्या. पुढे दिवस फिरले. २००७ मध्ये कॉलेजची मान्यता गेली, २०१३ मध्ये ते बंद पडलं.

एडवर्ड्सनी हेच बंद पडलेलं नाव उचललं. नवी संस्था काढता येत नसेल, तर जुनी उठवता येईल. त्यासाठी मिशिगन राज्याचा कायदा बदलावा लागला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये राज्यपाल ग्रेचन व्हिटमर यांनी सही केली आणि २०२२ मध्ये पेन्सोल लुइस कॉलेज सुरू झालं. बंद पडून पुन्हा उघडलेली ही पहिली एचबीसीयू, आणि मुख्यतः डिझाइन शिकवणारीही पहिलीच. तिथे टंकलेखनाच्या जागी आता बूट, कपडे, फर्निचर आणि रंगसंगती शिकवतात.

वेगळं कशाला, याचं उत्तर मराठी वाचकाला परकं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं होतं. १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या शेजारी. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. ते सगळ्यांना खुलं होतं, आजही आहे. पण तिथे पहिल्या पिढीच्या मुलाला "तू इथे कसा?" हा प्रश्न पडलेल्या नजरा झेलाव्या लागल्या नाहीत. एचबीसीयूही सगळ्या वर्णांना प्रवेश देतात. वेगळेपण असतं ते एवढंच, की वर्गात बसलेल्या मुलीला आपण अपवाद आहोत असं वाटत नाही. इंगलवूडच्या मुलाला शाळेत जे ऐकावं लागलं, ते तिला ऐकावं लागत नाही.

"कंपन्यांचा पैसा आटला तर?"

या आक्षेपापुढे मीही थबकते. २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. जूनमध्ये जॉर्डन ब्रँडने कृष्णवर्णीयांसाठी दहा वर्षांत १० कोटी डॉलर जाहीर केले. ॲडिडासने अमेरिकेतल्या आपल्या नव्या नेमणुकांतल्या किमान ३० टक्के जागा कृष्णवर्णीय आणि लॅटिनो उमेदवारांना देण्याचं वचन दिलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजच्या प्रवेशात वर्णाचा विचार करायला मनाई केली. २०२५ मध्ये वारं पूर्ण फिरलं. डेट्रॉइटच्या कॉलेजला उभं राहायला मदत करणाऱ्यांत टार्गेट ही दुकानांची साखळी होती. त्याच टार्गेटने २०२५ च्या जानेवारीत आपली डीईआयची उद्दिष्टं गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्या घोषणेचा कॉलेजच्या मदतीशी थेट संबंध मी जोडत नाही. पण जो पैसा पाच वर्षांत असा येतो आणि असा डळमळतो, त्यावर कुणी घर बांधू नये हे खरं.

म्हणून मला एडवर्ड्सची चाल महत्त्वाची वाटते. कंपनीने दिलेली टक्केवारी कंपनी एका पत्रकाने काढून घेऊ शकते. शिकलेल्या मुलाच्या हातातलं कसब कोणी काढून घेऊ शकत नाही, कायद्याने उभं राहिलेलं कॉलेज बंद करायला पत्रक पुरत नाही. आणि त्याच्याही पुढची एक पायरी आहे, मालकीची.

मालक कोण

२०२२ मध्ये एडवर्ड्सनी डिझायनर ब्रँड्स या मोठ्या पादत्राण कंपनीबरोबर न्यू हॅम्पशायरमधल्या समर्सवर्थ गावी बुटांचा कारखाना जाहीर केला. कंपनीने २० लाख डॉलर घातले. अमेरिकेतला कृष्णवर्णीय मालकीचा हा पहिला पादत्राण कारखाना, असं त्यांचं म्हणणं. पेन्सोलमध्ये शिकलेल्यांचे बूट इथे बनावेत आणि कंपनीच्या साखळीतल्या दुकानांत विकले जावेत, ही कल्पना. नाव जेम्स, पण ते कुणा जेम्स नावाच्या माणसाचं नव्हे. यान अर्न्स्ट मात्झेलिगर या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (जे, ई, एम) ते घेतलंय.

मात्झेलिगर १८५२ मध्ये सुरिनामला जन्मले. आई गुलामगिरीतली कृष्णवर्णीय, वडील डच अभियंता. १८७७ च्या सुमारास ते मॅसॅच्युसेट्समधल्या लिन या बुटांच्या गावी आले. तिथे बुटाचं जवळजवळ सगळं काम तोवर यंत्रावर गेलं होतं, एक सोडून. फर्म्यावर कापड किंवा चामडं ओढून, बोटांपाशी चुण्या घालून, खाली दुमडून ठोकणं. हे हातानेच व्हायचं, कुशल कारागीर दिवसाला पन्नासेक जोड करायचा, आणि यंत्राला हे जमणारच नाही असं मानलं जायचं. मात्झेलिगर दिवसा कारखान्यात राबले, रात्री इंग्रजी आणि यंत्रशास्त्र शिकले, आणि सिगारच्या रिकाम्या खोक्यांचे, तारांचे आणि लाकडाच्या तुकड्यांचे नमुने करत राहिले. पेटंटसाठी पाठवलेली आकृती इतकी गुंतागुंतीची होती की खात्याचा माणूस यंत्र डोळ्यांनी बघायला लिनला आला. २० मार्च १८८३ ला पेटंट मिळालं. यंत्र दिवसाला दीडशेपासून सातशे जोड करू लागलं. बूट स्वस्त झाले, साध्या माणसाच्या पायात आले.

यंत्र बांधायला पैसे नव्हते, म्हणून दोन तृतीयांश हक्क त्यांनी भांडवल देणाऱ्यांना आधीच लिहून दिले होते. १८८९ मध्ये क्षयाने ते गेले, वय ३६. पुढे त्यांच्या यंत्राभोवती जी कंपनी उभी राहिली, तिने अमेरिकेतल्या बूट-यंत्रांच्या बाजारावर कित्येक दशकं राज्य केलं.

हे सगळं मी नाक्यावरच्या काकांना सांगितलं. उसवलेला बूट अजून त्यांच्या पायाशी पडला होता. त्यांनी तो उचलला, बोटांपाशीच्या चुण्यांवरून अंगठा फिरवला. "दिवसाला सातशे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. ते थोडा वेळ गप्प बसले.

"मग पैसे कोणाला मिळाले?"